शेरेबुक आणि पत्र

चामराजपेटेत ज्यांचे घर आहे आणि मालमत्ता कराची पावती नीट वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना मूळ करावर चढणारे तीन उपकर वर्षानुवर्षे दिसत आले आहेत : आरोग्याचा, ग्रंथालयाचा आणि भिक्षुकांसाठीचा. यांतला शेवटचा उपकर 3 टक्क्यांचा. कर्नाटकाच्या 1975 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तो लागू झाला. रक्कम इतकी किरकोळ, की तिच्याविषयी कोणी तक्रार करत नाही आणि कोणी चौकशीही करत नाही. करशास्त्राच्या दृष्टीने हा जवळजवळ आदर्श कर म्हणावा लागेल. देणाऱ्याला टोचत नाही, वसुलीला वेगळा खर्च नाही, आणि खर्चाचे प्रयोजन कायद्यानेच ठरवून दिलेले.

या पैशातून जी संस्था चालते ती चामराजपेटेहून फार दूर नाही. मागडी रस्त्यावर सुमनहळ्ळीजवळ तिचे विस्तीर्ण आवार आहे. सरकारी नाव ‘निराश्रितर परिहार केंद्र’. लोकांच्या तोंडी मात्र ‘बेगर्स कॉलनी’. रस्त्यावर भीक मागताना सापडलेल्यांना तिथे आणून ठेवतात. त्यांत वृद्ध असतात, मनोरुग्ण असतात, घर चुकलेले असतात आणि घरच्यांनी चुकवलेलेही असतात. ऑगस्ट 2010 मध्ये या केंद्रात थोड्या दिवसांच्या अंतराने अनेक माणसे दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांचे लक्ष तिकडे गेले. मग मागचे महिने मोजले गेले, आणि मृत्यू त्या आठवड्यातच सुरू झाले नव्हते हे उघड झाले. ते बरेच आधीपासून, नोंदवहीत रीतसर लिहिले जाऊन, होत होते. पुढे गदारोळ झाला, चौकश्या झाल्या, समाजकल्याण मंत्र्यांना ते खाते गमवावे लागले.

प्रशासनात आयुष्य गेलेल्या माणसाला या घटनेतली अव्यवस्था तितकीशी चकित करत नाही, जितकी तिच्यातली व्यवस्था करते. कायदा होता, मध्यवर्ती परिहार समिती होती, निधीचा कायमचा स्रोत होता, अधीक्षक होते, नोंदी होत्या. नव्हते ते एकच : आत राहणाऱ्याने ‘मला इथे बरे नाही’ असे म्हटले, तर ते ऐकून भिंतीबाहेर नेणारा माणूस.

वेड्यांची इस्पितळे, कुष्ठधामे, भिक्षेकरी गृहे, वृद्धाश्रम : ज्या ठिकाणी माणूस काही दिवसांसाठी नव्हे, तर वर्षानुवर्षे, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतो, अशा सर्व ठिकाणी हा प्रश्न सारखाच आहे. त्याला कायद्याने काळाच्या ओघात दोन उत्तरे दिली. पहिले, बाहेरच्या माणसाने ठरावीक काळाने आत जाऊन पाहणे. दुसरे, आतल्या माणसाचे म्हणणे अडवणुकीशिवाय बाहेर पोचणे. पहिल्याचे प्रतीक म्हणजे अभ्यागतांचे शेरेबुक आणि दुसऱ्याचे रहिवाशाचे पत्र. आपल्याकडे शेरेबुक 1858 मध्ये आले. पत्राला मात्र त्यानंतर जवळजवळ एकशे तीस वर्षे लागली. या दोहोंमधल्या अंतराचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बंगळूरचे वेड्यांचे इस्पितळ 1847 सालचे. म्हैसूर तेव्हा इंग्रज कमिशनरांच्या हाती होते. याच इस्पितळाला 1925 मध्ये म्हैसूर सरकारने ‘मेंटल हॉस्पिटल’ असे सभ्य नाव दिले, आणि 1974 च्या डिसेंबरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेशी त्याचे विलीनीकरण होऊन आजची निमहान्स उभी राहिली. मुंबई इलाख्यात कुलाब्याचे इस्पितळ याहूनही जुने. पुढे नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा अशी मालिका झाली. आजही महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये तीच आहेत.

1857 च्या उठावाचा धुरळा पुरता खाली बसलेला नसताना, 1858 मध्ये, वेड्यांच्या इस्पितळांसाठी 36 वा कायदा झाला. त्यातली अभ्यागतांविषयीची तरतूद वाचण्यासारखी आहे. प्रत्येक इस्पितळासाठी सरकारने किमान तीन अभ्यागत नेमावेत, त्यांत निदान एक वैद्यकीय अधिकारी असावा, आणि तुरुंगांचे महानिरीक्षक पदसिद्ध अभ्यागत असावेत. 1912 च्या लूनसी अॅक्टने हीच चौकट पुढे चालवली. दोन किंवा अधिक अभ्यागतांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र जाऊन इस्पितळाचा प्रत्येक भाग पाहावा, परिस्थिती अनुमती देईल त्याप्रमाणे प्रत्येक रुग्णाला पाहून तपासावे, मागील भेटीनंतर दाखल झालेल्यांचे हुकूम आणि दाखले पडताळावेत, आणि आपले शेरे त्यासाठी ठेवलेल्या वहीत लिहावेत.

त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदार होती, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडात 1845 मध्ये लूनसी कमिशनरांची स्थापना झाली होती. त्यांच्याच नमुन्यावर हे बेतले होते. पण इंग्लंडात त्याच 1845 साली आणखी एक गोष्ट घडली, जिची आवृत्ती आपल्याकडे निघाली नाही. जॉन पर्सिव्हल नावाच्या गृहस्थाने, स्वतः काही वर्षे वेड्यांच्या खासगी इस्पितळांत डांबले गेल्यानंतर, इतर काही समदुःखितांना घेऊन ‘कथित वेड्यांची मित्रसंस्था’ काढली. हा पर्सिव्हल साधा माणूस नव्हता. संसदेच्या आवारात गोळी घालून ज्यांचा खून झाला, त्या पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा तो मुलगा. नावातला ‘कथित’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. रुग्णांच्या तक्रारी नेणे, कज्जे लढवणे, संसदेकडे अर्ज करणे ही त्यांची कामे. कमिशनरांचे आणि त्यांचे फारसे पटले नाही. जो आत राहून आला आहे आणि जो तासाभरासाठी पाहायला येतो, त्यांचे क्वचितच पटते.

पुढे 1862 च्या इंग्लिश कायद्याने खासगी रुग्णांनी कमिशनरांना लिहिलेली पत्रे न उघडता पाठवावीत, असे बंधन घातले. आपल्या 1912 च्या कायद्यात, म्हणजे पन्नास वर्षांनंतरही, अभ्यागत आहेत, वही आहे, पत्र नाही.

तेव्हा पाहणी कशाची होत असे? इलाख्यांच्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल छापले जात. त्यांत दाखल झालेले, बरे झालेले, मेलेले यांची कोष्टके असत; दरडोई खर्च असे; रुग्णांकडून करवून घेतलेल्या बागकामाचे, विणकामाचे उत्पन्नही असे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोह पडावा अशी ही आकडेवारी आहे. परंतु ती सर्व इस्पितळाविषयी आहे. इस्पितळात राहणाऱ्याला काय वाटते, असा रकाना नाही, आणि ज्या गोष्टीचा रकाना नसतो ती कचेरीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

नेमून दिलेल्या तपासणीचे शास्त्र मला दोन्ही बाजूंनी परिचित आहे. मी तपासणी केली आहे आणि दिलीही आहे. साहेब कोणत्या दिवशी येणार हे कळते, किंवा कळवले जाते. फरशी धुतली जाते, नवी चादर निघते, त्या दिवशीची भाजी बरी असते. साहेब ‘काही तक्रार आहे का’ असे विचारतात तेव्हा अधीक्षक शेजारी उभे असतात. साहेब संध्याकाळी जातात, अधीक्षक मागे उरतात. एवढे गणित वेड ठरवलेल्या माणसालाही अचूक कळते.

अभ्यागत कोणाचा, हाही एक प्रश्न आहे. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात त्याचे एक मोठे बोलके उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवा आणि निराधार स्त्रियांचे हे निवासगृह असल्याने लोकांचा विश्वास राहावा, म्हणून एक सल्लागार मंडळ होते. त्यात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. याहून चोख अभ्यागत त्या काळच्या पुण्यात कुठून आणणार? सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, यावरून वाद पेटला. 1893 मध्ये मंडळाच्या सभासदांनी राजीनामे दिले, आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात रमाबाईंची बाजू कोणती आणि सुधारकांची कोणती यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. मंडळ देणगीदारांना जबाबदार होते, पालकांना जबाबदार होते, पुण्याच्या लोकमताला तर होतेच. ज्या विधवा तिथे राहत होत्या त्यांना राहायचे आहे की जायचे आहे, हे स्वतंत्रपणे विचारून नोंदवण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते. दोन्ही पक्ष त्यांच्या वतीने बोलत होते.

हेतू उत्तम असूनही असे होते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅक्वर्थ यांनी 1890 मध्ये माटुंगा-वडाळा भागात कुष्ठरोग्यांसाठी जे आश्रयस्थान उभारले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हेच ते अॅक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. शाहिरांच्या तोंडचे शब्द खेड्यापाड्यांतून वेचणाऱ्या या रसिक अधिकाऱ्याने उभारलेल्या वास्तूतल्या माणसांचे शब्द मात्र कोणी वेचले नाहीत. असो. प्रत्येक अधिकाऱ्याकडून प्रत्येक गोष्टीची अपेक्षा करू नये.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 च्या आपल्या छोट्या पुस्तकात असे मांडले, की एखाद्या संस्थेची सेवा बिघडली, तर तिचा लाभ घेणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे, किंवा आवाज उठवणे. बाजारपेठ पहिल्या मार्गावर चालते. चामराजपेटेतल्या खानावळीत दोसा वाईट मिळाला, तर गिऱ्हाईक पुढच्या खानावळीत जाते, मालकाशी वाद घालत नाही. पण जो सोडून जाऊच शकत नाही, त्याच्यासाठी आवाज हा एकच मार्ग उरतो. आणि ज्याच्या हाती आपले जेवण, औषध व अंथरूण आहे त्याच्याविरुद्ध आवाज उठवणे हे सर्वांत महाग काम. म्हणूनच अशा ठिकाणी आवाज आपोआप उमटत नाही. तो उमटावा यासाठी वेगळी यंत्रणा उभी करावी लागते. वृद्धाश्रमात तर आणखी एक गुंतागुंत असते. राहणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा. गिऱ्हाईक कोण, हेच स्पष्ट नसते. संस्था साहजिकच पैसे भरणाऱ्याला खूश ठेवते, आणि तो तर शिकागोत किंवा सिंगापुरात असतो.

भारतात पत्राचा मार्ग संसदेने नव्हे, न्यायालयाने उघडला. आणि त्यात मुंबईच्या एका पत्रकार बाईंचा वाटा मोठा आहे. शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि पोलीस कोठडीत झालेल्या मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन स्त्रियांशी बोलण्यास सांगितले. 1983 च्या निकालात मुंबईच्या पोलीस कोठड्यांना सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, अचानक भेटी द्याव्यात असा आदेश आहे. ‘अचानक’ हा एक शब्द 1858 पासूनच्या सगळ्या नियमित तपासण्यांवरची टीका आहे, असे मी मानतो. पुढे बारसे यांनी मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या मानखुर्द येथील निरीक्षणगृहातल्या मुलांचा प्रश्न न्यायालयात नेला. त्यांच्याच दुसऱ्या एका याचिकेवर 1993 मध्ये, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असा निर्णय झाला. ती माणसे पश्चिम बंगालच्या तुरुंगांत होती.

दरम्यान 1987 चा मानसिक आरोग्य कायदा झाला होता. त्यात अभ्यागत किमान पाच झाले, त्यांत दोन समाजकार्यकर्ते आले. आणि 81 व्या कलमात, रुग्णाने पाठवलेली किंवा त्याला आलेली पत्रे अडवू, दाबून ठेवू अथवा नष्ट करू नयेत, असे प्रथमच लिहिले गेले. अर्थात त्यालाही नियमांचे अपवाद जोडलेले होतेच. शिवाय कायदा 1987 चा असला तरी अंमल 1993 च्या एप्रिलपासून.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांची देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिली. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा बंगळूरचेच न्यायमूर्ती व्यंकटचलय्या होते, आणि देशभरच्या मनोरुग्णालयांची पाहणी करण्याचे काम निमहान्सच्या डॉक्टरांनी केले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल वाचताना लक्षात येते, की पाहणाऱ्यांनी इमारतींबरोबर माणसांकडेही पाहिले होते. पण तो प्रसिद्ध होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, 6 ऑगस्ट 2001 रोजी, तमिळनाडूत एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. 28 जण मरण पावले. तिथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या अशा जागांना परवाना नव्हता, म्हणून अभ्यागतही नव्हते. कायद्याचा डोळा जिथे नोंदणी आहे तिथेच पोचतो.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या विषयात खरोखर मोठे पाऊल टाकले. रुग्णाला बाहेरच्यांशी संपर्क ठेवण्याचा हक्क, विधी साहाय्याचा हक्क, सेवेतील उणिवांबद्दल तक्रारीचा हक्क, स्वतः नेमलेला प्रतिनिधी, आणि जिल्ह्यांसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे. मंडळात न्यायाधीश आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेतच, शिवाय दोन जागा अशा, ज्यांवर स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी बसू शकतात. पर्सिव्हल 1845 मध्ये हेच मागत होता. कागदावर आलेली ही मंडळे प्रत्यक्षात उभी राहायला अनेक ठिकाणी वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे.

आणि आता ती घटना, जिच्यामुळे हा सारा इतिहास मला केवळ इतिहास वाटत नाही. मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी नेण्यास कोणी नाही म्हणून अडकून पडलेल्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात एक याचिका चालू होती. राज्यांनी अशा माणसांसाठी पुनर्वसनाची घरे उभारावीत, असा आग्रह होता. 2019 मध्ये न्यायालयापुढे असे आले, की महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतील रुग्णांना भिक्षेकरी गृहांत, वृद्धाश्रमांत आणि तत्सम संस्थांत हलवले जात आहे. न्यायालयाने हे तात्काळ थांबवण्यास सांगितले. हिशेबाच्या दृष्टीने ही युक्ती बिनचूक होती. मनोरुग्णालयातला आकडा घटतो, खाट रिकामी होते, कोष्टक सुधारते. माणूस मात्र अशा जागेतून, जिथे दीडशे वर्षांच्या खटपटीने अभ्यागत, पत्र, वकील आणि मंडळ जमा झाले आहे, अशा जागेत जातो जिथे यांतले जवळजवळ काहीच नाही. संस्थांच्या दुनियेत हक्क माणसाला चिकटलेले नसून इमारतीला चिकटलेले असतात, हे याहून स्पष्ट कशाने होणार?

वृद्धाश्रमांपुरते कायदे काय म्हणतात ते पाहू. पुण्याच्या नवी पेठेतले ‘निवारा’ सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या सभागृहात आपल्यापैकी अनेकांनी व्याख्याने ऐकली असतील. ही संस्था मूळची डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे वृद्धांना संस्थेत ठेवणे ही महाराष्ट्रात काल-परवाची, पाश्चात्त्यांकडून उचललेली गोष्ट आहे, हा समज खरा नाही. युती सरकारच्या काळात 1995 नंतर मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली. मग केंद्राचा 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आला. त्याचे 19 वे कलम म्हणते, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, सुरुवातीस किमान 150 निर्धन वृद्धांची सोय होईल असा, वृद्धाश्रम स्थापन करू शकेल. मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी न्यायाधिकरण आहे. पण आश्रमात राहणाऱ्याने आश्रमाविरुद्ध कोणाकडे जावे? मूळ कायदा याबाबत गप्प आहे. व्यवस्थापनाची मानके ठरवण्याचे काम राज्याच्या योजनेवर सोडले आहे, आणि तेही सरकारी आश्रमांपुरते. खासगी आश्रमांची नोंदणी त्यात नाही, अभ्यागत नाहीत, पत्र नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे 12 वे कलम मोफत वकील कोणाला मिळेल ते सांगते. स्त्रिया आणि मुले आहेत, आणि पुढे संरक्षणगृहातील, बालगृहातील, मनोरुग्णालयातील व्यक्तींचा नावानिशी उल्लेख आहे. वृद्धाश्रम त्या यादीत नाही. वृद्धाश्रमात माणूस स्वेच्छेने राहतो, सबब तो कोणाच्या ताब्यात नाही, असे कायदा धरून चालतो. अर्धांगाने अंथरुणास खिळलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थाची स्वेच्छा आणि ताबा यांतली सीमारेषा कुठे असते, ते कायदा करणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावे.

अमेरिकेत असलेल्या वाचकांना नर्सिंग होमच्या भिंतीवर लावलेला एक फलक परिचित असेल, ज्यावर ‘ऑम्बड्समन’चा दूरध्वनी क्रमांक असतो. ही कल्पना मूळची 1809 सालची, स्वीडनची. अमेरिकेत दीर्घकाळ शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांसाठी तिचा प्रयोग 1972 मध्ये काही राज्यांत झाला, आणि 1978 पासून प्रत्येक राज्यावर ती बंधनकारक झाली. तिची खुबी एवढीच, की हा माणूस संस्थेचा नसतो, सरकारी परवाना देणाऱ्या खात्याच्या वतीनेही तो बोलत नाही, आणि मुलामुलींचाही नसतो. तो रहिवाशाचा असतो. रहिवाशाच्या संमतीवाचून तो तक्रार कोणाला उघड करत नाही. यातले बरेचसे काम प्रशिक्षित स्वयंसेवक करतात. त्याच 1972 साली महाराष्ट्रात लोकायुक्त आले, देशात सर्वांत आधी. पण आपला लोकायुक्त लोकसेवकांच्या कारभारापुरता. खासगी वृद्धाश्रमाच्या दारात त्याचा अधिकार संपतो.

या प्रश्नाला आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांच्या, दृष्टीने आणखी एक पदर आहे. बंगळूरच्या जुन्या पेटांतून नामदेव शिंपी, भावसार, मराठा अशी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गेल्या काही दशकांत नोकरीनिमित्त आलेल्यांनी आईवडिलांना इथे आणले, ती घरे वेगळी. स्मृतिभ्रंशाच्या आजारात नंतर शिकलेल्या भाषा आधी गळून पडतात आणि लहानपणची भाषा शेवटपर्यंत टिकते, असे पुष्कळदा आढळते. चाळीस वर्षे उत्तम कानडी आणि इंग्रजी बोललेली आजी एक दिवस फक्त मराठीच बोलू लागते, तीही सांगली-मिरजेकडची. ती ‘ऊन ऊन पाणी दे गं’ म्हणते, आणि चांगल्या मनाची, कष्टाळू परिचारिका तिला बाहेर उन्हात नेऊन बसवते. अशा ठिकाणी छळ नसतो, हयगयही नसते. तरीही आजीचे म्हणणे कुठेच पोचत नाही.

याच आजारासंबंधी एक कायदेशीर मुद्दा नोंदवतो, कारण तो व्यवहारात कामी येऊ शकेल. 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात विचार, भावस्थिती व आकलन यांबरोबर दिशाभान आणि स्मरण यांतील गंभीर बिघाडही येतो. माझ्या वाचनाप्रमाणे, जो वृद्धाश्रम स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग चालवतो, तो या कायद्याच्या कक्षेत येण्यास बाध नसावा. आणि आला, तर पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रारीचा मार्गही खुला होतो. हा अर्थ वादातीत नाही. पण तो कोणीतरी एखाद्या मंडळापुढे मांडून पाहायला हवा.

तोवर ज्यांना आईवडिलांसाठी जागा शोधायची आहे, त्यांनी खोलीचे आकारमान आणि लिफ्ट पाहून झाल्यावर, न कळवता भेटायला आलेले चालते का, हे विचारावे. फोन रहिवाशाच्या खोलीत आहे की कार्यालयात, तेही पाहावे. मागच्या वर्षी एखादी तक्रार आली होती का, असे विचारल्यावर ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगितले गेले, तर थोडे सावध व्हावे. ज्येष्ठांसाठी केंद्राने 2021 पासून सुरू केलेला 14567 हा क्रमांक त्यांच्या हाताशी लिहून ठेवावा.

2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ज्येष्ठांच्या निवासगृहांची नोंदणी आणि किमान मानके त्यात होती. 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. पुन्हा कधी मसुदा होईल, तेव्हा तो लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना फार कष्ट पडू नयेत. 1912 च्या कायद्यातले महिन्याच्या भेटीचे आणि प्रत्येकाला भेटण्याचे कलम उचलता येईल. त्यातले ‘परिस्थिती अनुमती देईल त्याप्रमाणे’ हे शब्द गाळावेत, आणि 1983 च्या निकालातला ‘अचानक’ हा शब्द घालावा. पत्रासाठी 1987 चे 81 वे कलम आहे. त्यात दूरध्वनी जोडला, नियमांचे अपवाद काढले, की झाले. अभ्यागतांत एक जागा रहिवाशांनी निवडलेल्या व्यक्तीची ठेवावी. आणि एक पोटकलम असे असावे, की भेटीच्या वेळी रहिवाशाशी त्याच्या भाषेत बोलू शकेल असा एक तरी माणूस सोबत असेल, आणि अधीक्षक त्या खोलीत नसतील.